भिवराबाईचं लुगडं

श्यामराव लुगडं मागायला येणार, हे सत्यभामाबाईला ठाऊक होतं. दरवर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी तो यायचा, अंगणातल्या खाटेवर बसायचा, नारळ पुढे ठेवायचा आणि तिच्या नवऱ्याला, सुखरामला, म्हणायचा, "चला राणीसायेब, वस्त्र काढा." यंदा सुखराम नव्हता. त्याला जाऊन दीड महिना झाला होता. तरी श्यामराव ठरल्या दिवशी आला, त्याच खाटेवर बसला, आणि नारळ कोणापुढे ठेवावा हे न कळून तो मांडीवर घेऊन बसून राहिला.

सत्यभामाबाई सुपात तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिने आत जाऊन चहा टाकला. साखर घातली की नाही हे तिला आठवेना, म्हणून तिने पुन्हा घातली. श्यामरावाने पहिला घोट घेतला, थांबला, आणि कप रिकामा केला.

"अमर कोठं गेला, वहिनी?"

"तुमसरले. मिलमधून संध्याकाळी येते."

"त्याले मी इचारलं होतं. तो तयार हाय. मने, बाबाचं काम मीच करतो."

"त्यानं मले सांगतलं."

"मंग झालं तं. काढा लुगडं."

सत्यभामाबाईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "लुगडं पेटीत हाय, भाऊजी. अन् पेटी माझी हाय."

श्यामराव हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करते आहे. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं, काहीच नव्हतं. दीड महिन्यात गावातल्या बायका आपसांत हेच बोलत होत्या, की सुखरामची बायको रडली नाही. ती रडली नव्हती हे खरं. रोवणीच्या दिवसांत चार-चार दिवस चिखलात हात घालून बोटं जशी पांढरी पडतात, काटा रुतला तरी कळत नाही, तसं तिचं झालं होतं.

"देत नाही मनता का?" श्यामरावाने विचारलं.

"अमरची तिरडी मले नाल्याच्या रस्त्यानं नेऊ द्यायची नाही," ती म्हणाली, आणि एक खडा वेचून अंगणात टाकला.

नारळ खाटेवर ठेवून श्यामराव गेला.

*

खैरबोडी हे मोहाडीपासून पाऊण तासावरचं गाव. गावाला एक मोठं तळं आहे. तळ्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, गावाच्या दोन मजली घरांपेक्षा उंच आहे. पाळीच्या खाली खालचा टोला, गावातली सगळ्यांत जुनी वस्ती. पाळीच्या उत्तर टोकाला एका टेकाडावर गढी होती. आता तिथे चार बुरुजांचे दगड आणि सीताफळीची झाडं आहेत. त्या गढीत कधी काळी एक राजा होता. मोठा नव्हता, पण दरबार होता, दिवाण होता आणि दोन राण्या होत्या.

धाकट्या राणीचं नाव भिवराबाई. ती वैनगंगेच्या पलीकडची. गावात तिच्याविषयी जे काही ठाऊक आहे ते सगळं दंडारीच्या गाण्यातून. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच; पाहुणे येतात, मिठाईची दुकानं लागतात आणि दुपारी गावची मंडळी दंडार करतात, नाचत-गात गोष्ट सांगतात. खैरबोडीची दंडार भिवराबाईची. गाण्यात ती भर दरबारात डोक्यावरचा पदर पडू देऊन हसते, दिवाणाला उलटून बोलते. ज्या साली पाऊस थांबेचना, त्या साली ती तीन दिवस पाळीवर पाणकरापाशी जाऊन बसली, असं गाणं सांगतं. पाणकर म्हणजे तळ्याचं पाणी सोडणारा आणि शेतांना वाटून देणारा माणूस. राणी पाणकरापाशी तीन दिवस काय करत होती, हे गाणं सांगत नाही. ढोलकीवाला तिथे एक विशिष्ट ठेका देतो आणि लोक हसतात. मग तिने थोरल्या राणीवरच्या जळफळाटाने पाळ फोडायला लावली, राजाचं उभं धान बुडालं, दरबार मोडला. राजाने तिला हाकलून दिलं.

शेवटी गाणं सांगणारा श्यामराव पुढे येतो आणि लोकांना विचारतो, "पाळ कोणं फोडली?" सगळी मंडई ओरडते, "भिवरीनं फोडली." आणि ज्याच्या त्याच्या मुठीत असलेली फोलं, म्हणजे उफणलेल्या धानातले पोकळ दाणे, भिवराबाईवर उडतात. पोरं त्यात मातीही घालतात. गावात घर मोडणाऱ्या बाईला अजूनही पाळफोडी म्हणतात. कुंपण तोडणाऱ्या शेळीलाही म्हणतात.

भिवराबाईचं काम पुरुषच करत आला आहे आणि ते एकाच घरात राहतं. त्याला एक नेम आहे. अंगावर लुगडं असताना त्याने पाळीवर पाय ठेवायचा नाही, नाहीतर पाळ पुन्हा फुटेल. लुगडं सोडलं की तो पुन्हा आपला गावकरी. पाळीवरून शेतात जावं, म्हशी न्याव्या, कोणी अडवत नाही. पण तो मेल्यावर त्याची तिरडी पाळीवरून जात नाही. स्मशान तळ्याच्या पलीकडे. पाळीवरून दहा मिनिटं, आणि नाल्याच्या रस्त्याने फेऱ्याने पाऊण तास. जुनी माणसं याचं कारण सांगायची, की जिवंत माणूस लुगडं उतरवू शकतो, मेलेल्याच्या अंगात गावकरी उरला की भिवरा, हे कोण सांगणार?

*

सत्यभामाबाई एकोडीची. लग्न होऊन आली तेव्हा वीस वर्षांची होती. नवरा दंडारीत काम करतो एवढं तिला सांगितलं होतं. कोणतं काम, ते कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच मंडईला सासूने तिला बायकांच्या घोळक्यात बसवलं आणि तिच्या मुठीत फोलं दिली. "सगळ्या मारतात. तूही मार." समोर हिरव्या लुगड्यातली, मोठ्या नथीची, काजळ घातलेली भिवराबाई आली. इतकी ठसकेबाज बाई सत्यभामेने एकोडीतही पाहिली नव्हती. ती दिवाणाला बोलली तेव्हा सत्यभामा खदखदून हसली, आणि वेळ आली तेव्हा तिने सगळ्यांबरोबर मूठ उडवली. जवळ बसली होती म्हणून तिचा नेम बरोबर लागला. भिवराबाईने एकदा तिच्याकडे वळून पाहिलं.

संध्याकाळी नवरा घरी आला. न्हाणीपाशी बसून म्हणाला, "जरा पाणी टाक डोक्यावर." ती पाणी टाकू लागली, तर केसांतून फोलं निघत होती. कानामागून, मानेवरून. तिचा हात थांबला.

"तुझाच नेम बरा होता," सुखराम म्हणाला. "बाकीच्यायचं इकडं तिकडं गेलं."

त्यानंतर दरवर्षी मंडईच्या संध्याकाळी ती त्याचं डोकं धूत आली. फोलं केसांत अडकतात. नुसत्या पाण्याने निघत नाहीत, बोटांनी एकेक काढावी लागतात. पुढे केस विरळ झाले आणि काम सोपं झालं. लोक सुखरामला राणीसायेब म्हणायचे. तलाठ्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळे. तोही "बोला प्रधानजी" म्हणून उत्तर द्यायचा. अमरला शाळेत पोरं भिवरीचा पोट्टा म्हणायची, तेव्हा मात्र सुखराम दोन दिवस गप्प राहिला होता.

एक गोष्ट सत्यभामाबाईच्या लक्षात आली होती. फोलं उडायला लागली की बाकी कोणत्याही गावचा नाच्या तोंड झाकून पळाला असता, लोकांना हसवलं असतं. सुखराम उभा राहायचा. लोकांचं मारून संपेपर्यंत तसाच उभा राहायचा आणि मग हळू चालत पडद्याआड जायचा. तिने एकदा विचारलं, "पळत काहून नाही तुमी?" तो म्हणाला, "मले वाटते, ते पळाली नसंल."

*

या मे महिन्यात तळ्याचं काम निघालं. गाळ काढायचा होता आणि पाळ जिथे खचली होती तिथे पक्की करायची होती. उत्तरेकडच्या टोकाला, सलंगेजवळ, जेसीबीने पाळ कापली. सलंग म्हणजे तळं भरलं की जादा पाणी ओसंडून जायची वाट. दुपारी सुखराम घरी आला, जेवला नाही. "सत्यभामे, चाल. तुले काही दाखवतो. तू पाणकराची पोरगी हायेस, तुले समजंल."

सत्यभामाबाईचा बाप एकोडीच्या तळ्याचा पाणकर होता. लहानपणी ती आणि तिची माय पावसाळ्यात त्याला भात घेऊन पाळीवर जायच्या. झड लागली की तो घरी येत नसे. पाण्याच्या कडेला काठी रोवून बसायचा आणि काठीवर पाणी किती बोटं चढलं ते पाहायचा. कधी दोन दिवस, कधी तीन. गावाची झोप त्या काठीवर असायची.

नात टीना सोबत निघाली. तिच्या मोहाडीच्या कॉलेजला सुट्ट्या होत्या, आणि मशीन बघायची होती.

जेसीबीने कापलेल्या भागात जुन्या पाळीचं पोट उघडं पडलं होतं. बाजूची माती पिवळसर मुरमाची. तिच्या मध्येच घराच्या तीन-चार दरवाजांएवढ्या रुंदीचा काळ्या मातीचा पट्टा होता, वेगळा, पाचर ठोकावी तसा. पट्ट्याच्या तळाशी मोहाच्या लाकडाचे खुंट रांगेने रोवलेले होते. अजून कुजले नव्हते.

सत्यभामाबाई खाली उतरली. तिने पट्ट्याची कड हाताने चाचपली. कड पायऱ्यापायऱ्यांची होती.

"हे फुटलेलं नोहे," ती म्हणाली.

"मंग?"

"फुटली असती तं पाण्यानं कड फाडून नेली असती, खाली पोकळ झालं असतं. हे कुदळीनं कापलं हाय. पायऱ्या पाहा. अन् पाणी उतरल्यावर खुंट ठोकून पुन्हा बुजवलं हाय. हे काम पाणकराचं हाय."

"मंजे भिवराबाईनं खरंच फोडली."

"कापली," ती म्हणाली. "पण कोठं कापली ते पाहा नं."

ती बोटाने दाखवत गेली. पाळ सगळ्यांत उंच आणि पाणी सगळ्यांत खोल, ते मधोमध. फुटायची असती तर तिथे फुटली असती, आणि बरोबर तिच्या खाली खालचा टोला. झोपलेली माणसं, गुरं, सगळं गेलं असतं. उत्तरेकडे जमीन कठीण आणि चढी; तिथे कापलं तर पाणी बेताने निघतं आणि गढीच्या बांध्यांत जातं. बांधी म्हणजे धानाचा वाफा. त्या टेकाडाखालच्या सगळ्या बांध्या राजाच्या.

"माझ्या बापानं हेच केलं असतं," ती म्हणाली. "फक्त राजाचं धान बुडवाची त्याची हिंमत झाली नसती. तेवढ्यासाठी कोणी मोठं माणूस लागते. हो मनणारं."

सुखराम कडेच्या दगडावर बसला. टीनाने मोबाईलवर चार-पाच फोटो काढले. जेसीबीवाला हॉर्न वाजवू लागला तेव्हा तो उठला.

"तीन दिवस पाणकरापाशी बसली होती," तो म्हणाला. "अन् मी चाळीस वर्षं तेथं कंबर हलवून राहिलो."

घरी येताना त्याने ठरवलं, की यंदाच्या मंडईत तो हे सांगणार. कसं ते ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी मशीनने तो पट्टा बुजवला, वर दगड बसवले, सिमेंट केलं. आता तिथे पाहण्यासारखं काही नाही.

गणपती उठल्यावर चौथ्या दिवशी सुखराम दुपारी जेवून खाटेवर पडला तो उठला नाही.

त्या दिवशी पाऊस होता. तिरडी निघाली तेव्हा सत्यभामाबाई अंगणाच्या टोकापर्यंत गेली. चावडीपाशी रस्त्याला फाटे फुटतात. उजवीकडे पाळ, डावीकडे नाला. तिथे कवडू उभा होता, तळ्यात जाळं टाकणारा म्हातारा ढिवर. तो म्हणाला, "पाळीवरून चला नं बाप्पा, नाल्याले पाणी हाय." कोणी ऐकलं नाही. तिरडी डावीकडे वळली.

ती वळताना सत्यभामाबाईला काही वाटलं नाही. तिने फक्त पाहिलं, की वळली. संध्याकाळी अमर चिखलाने भरून परत आला. नाल्यात खांदेकऱ्याचा पाय घसरला, तिरडी कलली आणि बाबाचा हात बाहेर आला, असं त्याने सांगितलं. मग तो म्हणाला, "मी आत ठेवला." ती "बरं" म्हणाली आणि त्याच्यासाठी पाणी तापवायला ठेवलं.

*

धनत्रयोदशीला श्यामराव पुन्हा आला. या वेळी त्याने चहा नको म्हटलं.

"वहिनी, अमर घरी बसून रुसला हाय. तुमी हो मना."

"तुमी माझ्यासंगं पाळीवर चला."

"कायले?"

"चला तं."

टीनाने त्याला आधी फोटो दाखवले. श्यामरावाने मोबाईल लांब धरून पाहिला. "मातीचा फोटो हाय पोरी हा."

"काका, वेगळी माती आहे ना."

"मातीत काय, वेगवेगळीच राहते."

सत्यभामाबाई पुढे चालत होती. हातात पाण्याने भरलेली गुंडी होती. उत्तर टोकाला सिमेंटच्या दगडांपाशी ती थांबली आणि गुंडी पाळीच्या बाहेरच्या उतारावर ओतली. पाण्याची धार वळत वळत खाली गेली आणि कापणी झालेल्या बांधीत जिरली.

"कोणाची बांधी?" तिने विचारलं.

"आता गणपत सोनवान्याची. पहिले गढीची."

तिने रिकामी गुंडी कमरेवर घेतली आणि पाळीच्या मध्यापर्यंत चालत आली. श्यामराव मागून आला. तिथून खालचा टोला पायाखाली दिसत होता. कौलं, गुरांचे गोठे, एका छपरावर वाळत घातलेले कपडे.

"तुमचं घर कोणतं, भाऊजी?"

"तुमाले माहीत नाही का?"

"दाखवा."

त्याने हात केला. पाळीखालचं दुसरंच घर. गावातलं सगळ्यांत जुनं, असं तोच नेहमी सांगायचा; राजाच्या वेळेपासून आमी येथंच.

"मधी फुटली असती तं तुमी राहिले असते का येथं?"

श्यामराव छपरावरचे कपडे पाहत राहिला. सत्यभामाबाईने त्याला सगळं सांगितलं, खुंट, पायऱ्या, काळी माती. तिने आवाज चढवला नाही. चढवण्याइतकं तिच्यात काही नव्हतंच.

"भिवराबाई चांगली होती असं मी मनत नाही," ती शेवटी म्हणाली. "मी तिले पाहिलं नाही. तोंडाची फटकळ असंल. सवतीशी भांडत असंल. मले फक्त कोठं कापलं ते माहीत हाय. अन् तीन दिवस ते पाळीवर होती, हे तं तुमच्याच गाण्यात हाय. झडीत पाणकर पाळीवर कायले बसते, ते मले कोणी शिकवाले नको."

"गाणं माझं नोहे वहिनी. पणज्याच्या बापाचं हाय."

"तो कोठं गात होता?"

श्यामरावाने गढीच्या दगडांकडे पाहिलं. "गढीत," तो म्हणाला. "दरबारात. गढीचं धान खात होता."

"मंग तो काय गाईल?"

वारा होता. तळ्यात कवडूची डोंगी एका जागी हलत होती. श्यामरावाने टोपी काढून पुन्हा घातली.

"गाणं मी बदलत नाही," तो म्हणाला. "माझ्यानं होणार नाही. लोक मारतील मले. पण गाणं संपल्यावर बोलतो तो मीच. काय बोलाचं ते माझं हाय. लोक काय फेकतील ते लोकायचं."

"अन् अमर पाळीवरून जाईल. लुगडं घालून."

"वहिनी."

"नाहीतं पेटी बंद हाय."

श्यामराव म्हणाला, "तुमी भिवराबाईपेक्षा कठीण हायेत," आणि उतरायला लागला. त्याने नाही म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने पेटी उघडली. लुगड्याच्या घडीत दोन फोलं सापडली, मागच्या वर्षीची. तिने ती झटकली नाहीत. घडी तशीच अमरच्या हातात दिली.

"पाळीवर मले कोणी अडवलं तं?" अमरने विचारलं.

"तं थांब. मारामारी करू नको. लुगडं फाटंल."

*

मंडई भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी भरली. ऊन चांगलं होतं. शाळेमागच्या मोकळ्या जागेवर जिलेबीची, बांगड्यांची, प्लॅस्टिकच्या बंदुकांची दुकानं लागली होती. एकोडीहून सत्यभामाबाईचा भाऊ आला होता. बायकांनी तिला पुढे जागा करून दिली. शेजारच्या चंद्रकलेने सवयीने सगळ्यांना फोलं वाटली, तिलाही दिली.

अमरचं काम बापासारखं नव्हतं. तो उंच होता आणि नथ त्याला टोचत होती, हे दिसत होतं. तरी लोक हसले, कारण त्यांना हसायचं होतं. पाणकराचं कडवं आलं. ढोलकीवाल्याने तो ठेका दिला. अमर कंबर न हलवता मातीवर मांडी घालून बसला आणि समोर जणू काठी रोवली आहे, तसा एका जागी बघत राहिला. ढोलकीवाला दोनदा चुकला. कोणीतरी मागून ओरडलं, "ए राणी, झोपली का?" थोडे लोक हसले.

मग शेवट आला. श्यामराव पुढे आला. घसा साफ केला.

"पाळ कोणं फोडली?"

"भिवरीनं फोडली," मंडई ओरडली, आणि हात वर गेले.

"थांबा," श्यामराव म्हणाला. "अजून इचारतो हाय. पाणी कोणाच्या बांधीत गेलं?"

हे गाण्यात नव्हतं. लोकांना वाटलं, तो विसरला. काही हात खाली आले, काही वरच राहिले. ढोलकीवाला त्याच्याकडे बघू लागला. एका पोराने घाई करून फोलं मारली. ती अमरच्या खांद्यावर पडली.

"पाणी कोणाच्या बांधीत गेलं, ते सांगा."

मग मागून, सायकलला टेकून उभा असलेला कवडू म्हणाला, "गढीच्या. दुसरीकडं जागाच नाही जायले."

"अन् टोला कोणाचा वाचला?"

खालच्या टोल्याची माणसं एकमेकांकडे पाहत होती. कोणाला हे कोडं वाटलं, कोणाला टोमणा. शेवटी एका म्हातारीने, जणू रेशनच्या दुकानात नाव विचारलं असावं तशा आवाजात, सांगितलं, "आमचा."

"मंग फेका आता," श्यामराव म्हणाला आणि बाजूला झाला.

फोलं उडाली. सवयीच्या हातांनी उडाली, पोरांनी तर उडवलीच. पण दरवर्षीसारखा तो एकदम पाऊस नव्हता. तुटक तुटक पडत होती. अमर उभा राहिला. मारून संपलं तेव्हा तो पडद्याकडे गेला नाही. उजवीकडे वळला, चावडीवरून, आणि पाळीची चढण चढू लागला. हिरवं लुगडं पाळीवर गेलेलं त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. दोन माणसं उठली. त्यांतला एक म्हणाला, "अरे, तिकडं नोहे रे," आणि मग पुढे काय करायचं हे न कळून दोघंही उभी राहिली. अमरने पाळीवर पाय ठेवला. पाळीला काही झालं नाही. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. त्याच्यामागे कोणी गेलं नाही. जिलेबीवाल्याने तेवढ्यात कढईत नवा घाणा टाकला आणि मंडई पुन्हा सुरू झाली.

सत्यभामाबाई पाहत होती. चंद्रकलेने विचारलं, "बाई, बरं वाटून राहिलं का?" तिने विचार केला. बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. "पाणी तापवा लागते," ती म्हणाली आणि उठली.

तासाभराने श्यामराव दारात आला. त्याचा आवाज बसला होता. टोल्यातली चार माणसं त्याच्याशी भांडली होती. दोघं भांडली नव्हती. पुढच्या साली दंडारीत काय म्हणायचं ते पंचांनी बसून ठरवावं, असं ठरलं होतं. "तिरडीचं मी काही सांगू शकत नाही, वहिनी," तो म्हणाला. "ते ज्या दिवशी येईल त्या दिवशी."

मागे सायकल घेऊन कवडू उभा होता. "मी हावो तोवर पाळीवरून," तो म्हणाला. "मी अडवतो डावीकडं."

"कवडूबा, तुमी पंचाहत्तरचे. माझा अमर अडतीसचा."

"तं त्याले सांग, लवकर कर मनून."

श्यामराव हसला. कवडूही हसला. सत्यभामाबाई आत गेली.

संध्याकाळी अमर न्हाणीपाशी बसला. तिने तांब्या घेण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की उजवी मूठ बंदच आहे. तिने ती उघडली. चंद्रकलेने दिलेली फोलं त्यात तशीच होती, घामाने ओली, तळव्याला चिकटलेली. दुपारपासून ती मूठ धरून होती आणि तिला कळलं नव्हतं. टोकं रुतून तळव्यावर बारीक लाल ठिपके उठले होते. तिने एकेक फोल काढलं आणि कोंबड्यांकडे टाकलं. शेवटचं निघताना दुखलं.

"काय झालं माय?" अमरने वर बघत विचारलं.

"काही नाही. डोकं खाली कर."

तिने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि केसांत बोटं घातली. त्याचे केस दाट होते, बापाचे तरुणपणी होते तसे. कानामागे दोन फोलं होती, मानेवर एक. ती आणखी शोधत राहिली. पाणी थंड झालं तरी शोधत राहिली. अमर मान खाली घालून बसून होता, आणि ती रडते आहे हे त्याला पाठीवर पडणाऱ्या कोमट थेंबांवरून कळलं. तो हलला नाही.